पंगतीतला आवाज : अकरावीच्या मानसशास्त्र प्रकल्पाच्या नोंदी

३ डिसेंबर

काल मिरजेतच नात्यातलं लग्न होतं. कार्यालय मोठं, वर उंच पत्रा. बँड बाहेर थांबला तरी आत ताटांचा खणखणाट, वाढप्यांच्या हाका, पोरांची पळापळ. आप्पा माझ्या शेजारच्या पाटावर. आप्पा म्हणजे माझे सासरे, वय ७८, उभी नोकरी रेल्वेत इंजिनांच्या धडधडीत झालेली, उजव्या कानात यंत्र. समोरच्या पाहुण्यांनी विचारलं, "पाठ कशी आहे आता?" आप्पा म्हणाले, "साठ कुठली, अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली." पंगत हसली. आप्पांनी मान खाली घातली ती मठ्ठा येईपर्यंत वर केली नाही, आणि घरी येईपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

रात्री पुतण्या म्हणाला, "आजोबांचं लक्षच नसतं." आप्पांना हे मात्र नीट ऐकू गेलं. घर शांत होतं ना. ते म्हणाले, "ऐकू येतं रे. कळत नाही."

मी चौदा वर्षं अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. अवधानाचा, म्हणजे लक्ष देण्याचा, धडा दरवर्षी घेते, फळ्यावर गाळणीची आकृती काढते, ती मुलं परीक्षेत जशीच्या तशी उतरवतात. 'ऐकू येतं, कळत नाही' हे त्या धड्यातलंच वाक्य आहे, आणि आमच्या घरात ते किती वर्षं बोललं जातंय. फेब्रुवारीतल्या प्रदर्शनासाठी यंदाही दृष्टिभ्रमाचे तक्ते लावायचं ठरत होतं. ते रद्द. यंदा कान.

६ डिसेंबर

चौघं तयार झाली. एक तबला शिकणारा, एक सतारमेकर घरातला, एक मुलगी जिच्या घरी कन्नड बोलतात (आजोळ अथणीकडचं), आणि एक जिला वर्गात नेहमी धडा मोठ्यानं वाचायला लावतात, कारण तिचे उच्चार स्वच्छ आहेत. नोंदींत नावं घालायची नाहीत असं ठरलं.

पहिला तास शब्दांवरच गेला. पुस्तकात अवधान आणि वेदन (नुसतं जाणवणं) हे शब्द आहेत, पण मुलांच्या तोंडात ते बसत नाहीत. मग मी विचारलं, कानाबद्दल आपण घरी काय काय बोलतो? फळा भरला: कानावर पडणं, कान देणं, कान टवकारणं, कानाआड करणं, या कानानं ऐकून त्या कानानं सोडणं. तबलेवाला म्हणाला, "मॅडम, 'कानावर पडलं' म्हणजे आपण काहीच केलेलं नसतं. 'कान दिला' म्हणजे आपण काहीतरी केलं." वेदन आणि अवधान यांतला फरक इतक्या थोडक्यात मला आजवर सांगता आला नव्हता. वहीत लिहून ठेवलं.

मग कॉलिन चेरी यांची गोष्ट सांगितली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शिकवणारे हे गृहस्थ. १९५३ साली त्यांनी विचारलं की गर्दीत अनेक माणसं एकाच वेळी बोलत असताना आपण त्यांतल्या एकाचंच बोलणं कसं धरून ठेवतो? त्यांनी याला मेजवानीतला प्रश्न म्हटलं. आम्ही 'पंगतीचा प्रश्न' म्हणायचं ठरवलं.

त्यांची युक्ती साधी होती. दोन कानांत दोन वेगळी बोलणी सोडायची, आणि ऐकणाऱ्यानं त्यांतल्या एकाचा शब्द न् शब्द मागोमाग मोठ्यानं म्हणायचा. असं म्हणायला लागलं की लक्ष त्या कानाला बांधलं जातं. या मागोमाग म्हणण्याला मराठीत काय म्हणायचं यावर मुलं अडली. सतारमेकरांचा मुलगा म्हणाला, "री ओढणं." पक्कं.

१० डिसेंबर

ध्वनिमुद्रण. कॉलेजात शक्य नव्हतं, पंखे आणि घंटा. माझ्या घरी मधल्या खोलीत दारं-खिडक्या लावून, चार बाजूंनी दोरीवर गोधड्या टांगून केलं. स्वच्छ उच्चारांच्या मुलीनं दोन उतारे वाचले. एक तंबोऱ्यासाठी भोपळा कसा निवडतात, वाळवतात, कापतात यावर, सतारमेकरांच्या मुलानं घरी विचारून लिहिलेला. दुसरा भडंग करण्याची कृती. दोन्ही उतारे एकाच आवाजात हवेत, कारण चेरींनीही तसंच केलं होतं. आवाज वेगळे असले की ओळखायला सोपं जातं आणि प्रश्नच पातळ होतो.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक पट्टी पूर्ण डावीकडे, दुसरी पूर्ण उजवीकडे. दोन्ही एकाच क्षणी सुरू व्हायला हव्यात. त्यातच दोन तास गेले. भडंगाचा उतारा जरा घाईनं वाचला गेला होता, पुन्हा घेतला.

१३ डिसेंबर

आज एक बिघाड झाला आणि त्याचाच उपयोग झाला. तबलेवाल्याच्या फोनवर फाइल लावली, तर तो म्हणाला, दोन्ही बायका दोन्ही कानांत बोलतायत, काही समजत नाही. हेडफोन बदलला, वायर बदलली. शेवटी फोनच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' सुरू असल्याचं सापडलं. दोन वाहिन्या एक करून दोन्ही कानांत तेच सोडणारी ही सोय एका कानानं ऐकणाऱ्यांसाठी असते.

पण चेरींचा पहिला प्रयोग नेमका हाच होता. एकाच माणसाच्या आवाजातली दोन बोलणी एकत्र मिसळून दोन्ही कानांत, आणि ऐकणाऱ्यानं त्यांतलं एक वेगळं काढायचं, फीत हवी तितक्या वेळा फिरवून. लोकांना ते जमत असे, पण फार कष्टानं, डोळे मिटून, पुन्हा पुन्हा ऐकून. म्हणून सेटिंग तसंच ठेवून सगळ्यांनी करून पाहिलं. भोपळ्याचं एक वाक्य पकडलं की पुढच्याला शेंगदाणे त्यात घुसायचे. तरीही वाक्याच्या अर्थाला धरून, हा शब्द इथे बसतो का असं म्हणत, हळूहळू जमलं.

चेरींच्या नोंदीतली एक गोष्ट मला नेहमी आवडते. दोन्ही उतारे ठरावीक ठशाच्या वाक्यांचे असले की वेगळं काढणं जवळजवळ अशक्य होतं, कारण एकातला तुकडा दुसऱ्यात बेमालूम बसतो. आम्हाला मराठी नमुना शोधावा लागला नाही. एकीकडे 'व्यासपीठावरील सर्व मान्यवर, वेळात वेळ काढून', दुसरीकडे 'आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या व्यस्त कार्यक्रमातून'. चौघांनीही एका भाषणातून दुसऱ्यात उडी मारली आणि आपण उडी मारली हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. शब्द वेगळे काढताना कानाइतकंच 'पुढे काय येईल' हे माहीत असणं काम करतं, हे मुलांना या नमुन्यावरून चांगलं कळलं.

मग सेटिंग बंद केलं. डाव्या कानात भोपळा, उजव्यात भडंग. "भोपळ्याची री ओढ." मुलगी सरळ बोलत सुटली, एकदाही न अडखळता. पूर्ण झाल्यावर विचारलं, उजव्या कानात काय होतं? "कुणीतरी बाई बोलत होती." काय बोलत होती? बराच वेळ विचार करून, "माहीत नाही, मॅडम."

तेच आवाज, तीच पट्टी, तेच शब्द. फक्त एक इकडे आणि एक तिकडे.

१६ डिसेंबर

आज उजव्या कानातला उतारा मध्येच बदलला. चेरींनी इंग्रजीतून जर्मनवर नेला होता. आम्ही मराठीतून कन्नडवर. मिरजेत कन्नड बाजारात, दवाखान्यात, स्टेशनवर रोज ऐकू येतं, त्यामुळे ही भाषा कुणाच्याच कानाला परकी नाही. ज्या मुलीच्या घरी कन्नड बोलतात तिला मुद्दाम शेवटी बसवलं, ध्वनिमुद्रण तिच्या मामाकडून करून घेतलं. पण मग बाईचा आवाज बदलून पुरुषाचा झाला आणि सगळ्यांनीच तो बदल ओळखला. चूक आमची. आवाज बदलला तर लोकांच्या लक्षात येतो, हे चेरींनाही दिसलं होतं. साधा पिपाणीसारखा एकसुरी आवाज सोडला तर तोही नेहमी लक्षात येतो. भाषा बदलली तर मात्र येत नाही.

म्हणून त्या कन्नड बोलणाऱ्या मुलीनं स्वतःच कन्नड वाचलं आणि वर्गातल्या दुसऱ्या मुलांना ऐकवलं. घरी कन्नड बोलणारी आणखी एक मुलगी वर्गात आहे, तिलाही. तिनं भोपळ्याची री नीट ओढली. नंतर फाइल नुसती ऐकवली तेव्हा तिनं हातानं तोंड झाकलं. "हे मघाशी होतं?"

अडवलेल्या कानातून काय पोचतं याची यादी आता वहीत आहे: आवाज बाईचा की पुरुषाचा, उंच की खालचा, आवाज आहे की नाही. आणि अर्थ? तो तिथवर येत नाही, असं निदान आज तरी दिसतंय.

१९ डिसेंबर

वर्गात मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड ब्रॉडबेंट. १९५८ साली त्यांनी गाळणीची कल्पना मांडली: सगळे आवाज आत येतात, पण अर्थ लावण्याआधीच एक गाळणी त्यांच्या भौतिक गुणांवरून, म्हणजे दिशा, उंची यांवरून, एकच प्रवाह पुढे सोडते. ही आकृती मी चौदा वर्षं काढते. मुलांना यंदा ती पटकन पटली, कारण त्यांनी भडंग हरवताना स्वतः पाहिलं होतं.

पण तबलेवाल्यानं हात वर केला. "मॅडम, मग मागे कुणी माझं नाव घेतलं तर मला कसं कळतं?"

मी थांबले, आणि १९५९ चा नेव्हिल मोरे यांचा प्रयोग सांगितला. न ऐकायच्या कानात त्यांनी काही साधे शब्द पुन्हा पुन्हा सोडले, एकेक ३५ वेळा. नंतर विचारलं तर लोकांना त्यांतला एकही ओळखता येईना. पण त्याच कानात माणसाचं स्वतःचं नाव आलं, तर साधारण तिघांतल्या एकाला ते कळलं. गाळणी अर्थाच्या आधीच सगळं अडवत असती, तर नावही अडलं असतं.

आता आम्हाला नाव घालायचं आहे. ज्याला ऐकवायचं त्याला आधी सांगता येत नाही, म्हणून प्राचार्यांची आणि मुलांची सरसकट परवानगी घेतली: आवाज ऐकायचे आहेत, त्यात काहीही असू शकेल, नंतर सगळं सांगू.

२३ डिसेंबर

नावाचा पहिला प्रयत्न वाया. नाव वेगळं मुद्रित करून उताऱ्यात चिकटवलं होतं, आणि जोडाच्या जागी बारीक 'टिक्' येत होती. मुलं नाव नव्हे, ती टिक् ऐकत होती. पुन्हा पूर्ण वाक्यात नाव वाचून घेतलं, आवाजाची पातळी सारखी केली.

यानंतर काही मुलांनी नाव ऐकलं, बहुतेकांनी नाही. आमची संख्या इतकी लहान आहे की तिच्यावरून काही म्हणायचं नाही, हे मी मुलांना वहीतच लिहायला लावलं. जे ऐकतात ते बरेचदा नावाच्या ठिकाणी री ओढताना अडखळतात. फाइलवर मागे जाऊन पाहिलं की अडखळ नेमकी तिथेच.

मुलांचा तर्क असा की ज्यानं नाव ऐकलं तो जास्त हुशार, जास्त सावध. कॉनवे, कोवान आणि बंटिंग यांनी २००१ मध्ये नेमकं हेच तपासलं. काम चालू असताना माहिती मनात धरून ठेवण्याची क्षमता ज्यांची कमी होती, त्यांच्यापैकी ६५ टक्क्यांना नाव ऐकू आलं. ज्यांची जास्त, त्यांच्यापैकी फक्त २० टक्क्यांना. म्हणजे नाव ऐकू आलं याचा अर्थ बऱ्याचदा हातातलं काम थोडं सुटलं होतं. आमच्याकडे घरातल्या बाईला कौतुकानं अष्टावधानी म्हणतात. सगळीकडे कान असण्याचंही मोल मोजावं लागतं. आई दूध उतू जाताना हाक न मारता कशी धावते, हे मुलांनी सांगितलं. पण त्या वेळी ती तुमची शाळेतली गोष्ट ऐकत होती ती सुटली का, हे विचारल्यावर वर्ग गप्प झाला.

२८ डिसेंबर

नाताळच्या सुट्टीनंतर आज दोघंच आली. ग्रे आणि वेडरबर्न या ऑक्सफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी १९६० साली केलेला प्रयोग मराठीत उतरवला. डाव्या कानात: आमच्या, सात, काकू. उजव्या कानात त्याच क्षणांना: नऊ, शेजारच्या, चार. काय ऐकलं? दोघांनीही 'आमच्या शेजारच्या काकू' सांगितलं, मग आकडे. कान ओलांडून अर्थाच्या मागे गेले. नुसते आकडे दोन्ही कानांत दिले की मात्र मुलं आधी एका कानाचे, मग दुसऱ्या कानाचे सांगत होती. १९५४ मध्ये ब्रॉडबेंटना हेच दिसलं होतं, आणि त्यांची गाळणी उभी राहिली ती अशाच निरीक्षणांवर.

ॲन ट्राइसमन यांनी यातून मधला मार्ग काढला, १९६४ मध्ये. गाळणी नळ बंद करत नाही, बारीक करते. बारीक धारेतूनही स्वतःचं नाव, 'आग', 'साप', किंवा वाक्यात पुढे हमखास येणारा शब्द पोचू शकतो, कारण त्यांना आत जागं करायला थोडंसंच पुरतं. नळाची उपमा मुलीची. उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गल्लीतली आहे ती, तिला बारीक धारेची किंमत माहीत आहे.

५ जानेवारी

सतारमेकर गल्लीत गेलो. मुलाचे काका तंबोऱ्याची जवारी काढत होते. घोडीची, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीची, वरची बाजू अगदी किंचित घासायची, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा घासायची. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा पुढे-मागे सरकवला की एक जागा अशी येते जिथे आवाज फुलतो. बाहेरून रिक्षा, समोर भाजीवाला, वर लोखंडी दुकानातला हातोडा. काकांना विचारलं, एवढ्या गोंगाटात कसं ऐकू येतं? म्हणाले, "मला गोंगाट नसतोच हो. हात थांबला की मग असतो."

अर्धा तास उभं राहून आम्हाला फरक कळेना. मग त्यांनी दोन अवस्था पाठोपाठ ऐकवल्या, बंद आणि खुली, आणि म्हणाले, षड्जाच्या वर काय तरंगतं ते बघा. कुठे पाहायचं हे कळल्यावर ते ऐकू आलं, आणि एकदा आल्यावर ऐकू न येणं शक्य होईना. याचा प्रकल्पाशी थेट संबंध मांडता येत नाही, तरी ही नोंद मला ठेवायची आहे.

११ जानेवारी

आतापर्यंत लक्ष आणि गाळणी. पण १३ डिसेंबरचा प्रश्न तसाच आहे: तेच दोन आवाज एकत्र मिसळले की कष्ट, वेगवेगळ्या कानांत गेले की सोपं. का? गाळणीला पकडायला काहीतरी धागा लागतो, आणि सर्वांत भक्कम धागा दिशेचा. दिशा कळते दोन कानांमुळे.

गवंड्याची लेव्हलची नळी आणली, पारदर्शक, दीड मीटर कापून. दोन टोकं दोन कानांना, नळी पाठीमागून. मध्यावर खूण. मागे उभा राहणारा पेन्सिलीनं नळीवर टक् करतो, ऐकणाऱ्यानं सांगायचं डावं की उजवं. मध्यापासून पाच सेंटिमीटर: सगळे बरोबर. तीन: बरोबर. एक सेंटिमीटर: तरीही बहुतेक बरोबर!

मुलांनी हिशेब केला. मध्यापासून एक सेंटिमीटर सरकलं की दोन बाजूंच्या अंतरात फरक दोन सेंटिमीटरचा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे दोन कानांत आवाज पोचण्यातला फरक सेकंदाच्या साधारण सतरा हजाराव्या भागाइतका. तबलेवाल्यानं तो आकडा दोनदा तपासला. कोणत्याही मात्रेत हे बसत नाही म्हणाला.

आवाज अगदी एका बाजूनं आला तर डोक्याला वळसा घालून दुसऱ्या कानात पोचायला त्याला सुमारे ०.६ मिलिसेकंद जास्त लागतात, यापेक्षा फार मोठा फरक माणसाच्या डोक्यात होतच नाही. उंच पट्टीच्या आवाजांना डोकं आडवं येतं, त्यांची सावली पडते, म्हणून तिथे वेळेपेक्षा आवाजाच्या जोरातला फरक उपयोगी. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये हे दोन्ही एकत्र मांडलं.

मग एकानं एका कानात कापूस घट्ट कोंबून पुन्हा केलं. दिशा गेली. सगळं मोकळ्या कानाच्या बाजूनंच येतंय असं वाटू लागलं. तसाच तो व्हरांड्यात मधल्या सुट्टीच्या गर्दीत गेला, दोन मिनिटांत परत आला. "आवाज सगळा आहे मॅडम, पण एकाच गोळ्यात."

मी त्याच्याकडे बघत राहिले. आप्पांचं यंत्र उजव्या कानात आहे. फक्त उजव्या.

१५ जानेवारी

संक्रांत. चौघं तीळगूळ द्यायला घरी आली, आणि आप्पांनी स्वतःच विचारलं, "ते कानाचं काय करता? माझा घ्या की." मला त्यांना विचारायचं धाडस होत नव्हतं.

शब्दांची यादी केली: साठ, पाठ, काठ, ताठ, माठ, गाठ. फक्त पहिलं व्यंजन वेगळं. खोली शांत, मुलगी समोर बसून, चेहरा दिसतोय: आप्पांनी सगळे बरोबर सांगितले. मग तिनं तोंडासमोर वही धरली. माठ आणि गाठ राहिले, साठ-पाठ-काठ-ताठ एकमेकांत मिसळले. मग टीव्ही लावला, बातम्या, मध्यम आवाजात. आप्पांनी दोन शब्दांनंतर हात हलवला.

इंजिनाजवळच्या आवाजानं कानाच्या शंखातल्या केसांसारख्या पेशी झिजतात, आणि त्या नव्यानं येत नाहीत. झीज आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास दिसते. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, तो शाबूत राहतो, म्हणून 'आ' ऐकू येतो, बोलणं ऐकू येतं. पण स, त, क यांची ओळख वरच्या पट्टीतल्या क्षीण आवाजावर. 'पाठ'चा 'आठ' तेवढा पोचतो, पहिलं अक्षर मनाला भरावं लागतं. आप्पा ओठ बघून भरतात. गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसला तर बोलणं किती जास्त कळतं हे सम्बी आणि पोलॅक यांनी १९५४ मध्येच मोजलं होतं. ते काही बहिऱ्यांपुरतं नाही, सगळेच तसं करतात, फक्त आप्पांना त्याशिवाय भागत नाही.

आप्पा म्हणाले, "पंगतीत सगळ्यात मोठा आवाज भांड्यांचा येतो. माणसं त्याच्या मागं असतात." आणि थोड्या वेळानं, "घरी आलं की डोकं दुखतं. मला वाटायचं उन्हानं."

प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर अंदाजानं भरत, ओठ वाचत, एका कानानं भांड्यांतून माणूस वेगळा काढत दोन तास बसायचं. लक्षाचा साठा मर्यादित असतो, हे मी मानसशास्त्रज्ञ कानेमन यांचा दाखला देऊन शिकवते. आप्पा तो साठा पहिल्या वाढपातच संपवत असणार. आणि आम्ही म्हणत होतो, त्यांचं लक्ष नसतं. त्या पंगतीत त्यांच्याएवढं लक्ष कुणीच देत नव्हतं.

२४ जानेवारी

श्रवणतज्ज्ञ बाईंकडे आप्पांना नेलं. दोन्ही कानांची तपासणी नव्यानं. आलेख दोन्हीचे जवळजवळ सारखे: खालच्या पट्टीत ठीक, वर जाताना उतार. म्हणजे डावा कानही उजव्याइतकाच मदत मागत होता. यंत्र जिथून घेतलं त्या दुकानात दुसऱ्या कानाचा विषयच निघाला नव्हता, आणि आम्हीही विचारला नाही. तो राग मी इथे लिहून ठेवते आणि पुढे जाते.

बाईंनी साफ सांगितलं की दोन यंत्रांनी तरुण कान परत मिळत नाही. यंत्र आवाज वाढवतं, निवडत नाही. निवडायचं काम डोक्याचंच. दोन्ही बाजूंनी माहिती मिळाली तर त्याला धागा सापडायला मदत होते, पण इतक्या वर्षांनी सवय व्हायला आठवडे जातील. दुसरं यंत्र काही दिवस वापरून बघायला दिलं आहे.

१० फेब्रुवारी

प्रदर्शन. बारावीच्या परीक्षेचं केंद्र आमच्याकडे असल्यानं लवकर घेतलं. तीन टेबलं: मिसळलेले आवाज, वेगळे आवाज, लेव्हलची नळी. सगळ्यात गर्दी नळीवर, कारण ती लगेच कळते आणि हातात धरता येते. नावाचा प्रयोग ठेवला नाही, प्रत्येकाचं नाव मुद्रित करणं शक्य नव्हतं.

हॉल इतका गजबजला की हेडफोनमधलं ऐकू येईना. मुलं आवाज वाढवायला लागली, मी थांबवलं. शेवटी दोन टेबलं ग्रंथालयात हलवली.

चौथा तक्ता आयत्या वेळी मुलांनी स्वतः लिहिला, मला न विचारता: घरात कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं. समोर या, उजेड तुमच्या तोंडावर असू द्या, आधी नाव घ्या आणि मग बोला, ओरडू नका कारण ओरडण्यानं स्वर मोठे होतात पण व्यंजनं नाहीत, तेच वाक्य परत न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा, टीव्ही बंद करा. एका आजींनी तो सुनेला वाचून दाखवायला लावला.

१८ फेब्रुवारी

भाचीचा साखरपुडा, घरगुती, चाळीसेक माणसं. आप्पांना कोपऱ्यात बसवलं, पाठ भिंतीला, म्हणजे मागून येणारा गोंगाट नाही. समोर पुतण्या. त्याला मी काही सांगितलं नव्हतं. तो प्रदर्शन बघून गेला होता. तो आधी "आजोबा" म्हणत होता, आप्पांची नजर येईपर्यंत थांबत होता, मग बोलत होता.

दुसऱ्या यंत्राबद्दल आप्पांची तक्रार आहे. पंख्याचा आवाज फार येतो, कागद वाजतो, स्वतःचं चावणं ऐकू येतं. रात्री दोन्ही काढून ठेवतात आणि हुश्श करतात. तज्ज्ञ बाई म्हणाल्या, हे आवाज पूर्वीही होते, डोकं ते बाजूला सारायला पुन्हा शिकेल, घाई नको. ठेवायचं की परत द्यायचं हे अजून ठरलेलं नाही.

मुलांसाठी उरलेलं काम: मूळ फाइल्स पेन ड्राइव्हवर, कन्नड उताऱ्याची लेखी प्रत, नळी प्रयोगशाळेत जमा.

आज सकाळी स्वयंपाकघरात मी फोनवर बोलत होते, बाहेर टीव्ही चालू होता, आप्पा पुतण्याशी क्रिकेटवर वाद घालत होते. वाद न थांबवता त्यांनी मला हाक मारली, "तीन झाल्या गं. गॅस बंद कर."

मी शिट्ट्या मोजल्याच नव्हत्या.